धामणटोल्याच्या वाटेवरचा झुला

भैयाजी त्या रात्री छावणीवर आले ते घासलेट द्यायला. गोंदियाच्या कॉलेजातली बावीस मुलं डिसेंबरच्या सुट्टीत सौंदडच्या पुढच्या जंगलात श्रमदानाला आली होती. सौंदडहून धामणटोल्याला जाणारी बैलवाट रुंद करायची आणि नाल्याच्या उतारावर दगड बसवायचे, एवढं त्यांच्या हातून होण्यासारखं होतं. कंदिलातलं तेल संपलं आणि सगळ्यात जवळचं घर भैयाजींचं निघालं. जंगलखात्यात तीस वर्षं नाकेदारी करून ते मागच्याच वर्षी घरी बसले होते.

डबा खाली ठेवून ते परत निघाले आणि थबकले. गोवर्धन नावाचा एक मुलगा दोन सागांच्या मध्ये कापडी झुला बांधत होता. भैयाजी थोडा वेळ नुसते बघत राहिले.

"लई ताणला बापू," ते म्हणाले. "असा ताणशीन तं कूस बदलली का खाली. ढिला सोड. पोट येऊ दे त्याले."

त्यांनी स्वतःच गाठ सोडली, दोर डोक्याएवढ्या उंचीवर घेतला आणि झुला गुडघ्याच्या वर येईल इतका सैल केला. "आता आंग सरळ नको टाकू. तिरकं टाक. डोस्कं या कोपऱ्यात, पाय त्या कोपऱ्यात. पाठ पाटावानी सपाट राहते. आन कांबळं आंगाखाली घे. झुल्यात थंडी वरून नाई येत, खालून येते."

गोवर्धन सांगितल्याप्रमाणे आडवा झाला आणि त्याच्या तोंडून नकळत हुंकार निघाला. "खाटेपेक्षा बेस आहे भैयाजी. कोणी शिकवलं?"

"रेवारामनं."

"कोण रेवाराम?"

 कंदील वर धरून भैयाजींनी दोन्ही झाडांची बेचकी हातानं चाचपली. साल खरखरीत लागली तेव्हा त्यांचा हात खाली आला. "ठीक हायेत हे झाडं," ते म्हणाले.

"म्हणजे बाकीची बिघडलेली आहेत काय?" मागून कोणीतरी म्हणालं.

"भुताची असतील," गोवर्धन झुल्यातून म्हणाला. "पण भैयाजी, तुमची भुतं आता पंचवार्षिक योजनेत बसत नाहीत."

"बसत नाईत बापू," भैयाजी म्हणाले. "ते चालूनच राहिले."

मुलं हसली, पण भैयाजी हसले नाहीत. ते दगडावर बसले, विडी काढली, पेटवली नाही. शेकोटीभोवतीची मुलं सरकत सरकत जवळ आली. मग त्यांनी रेवारामची गोष्ट सांगितली. तीन वर्षांपूर्वीची, याच वाटेवरची.

रेवाराम सौंदडचा, धान पिकवणाऱ्या घरातला. उन्हाळ्यात शेताला काम नसे, तेव्हा तो तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुन्शी म्हणून जंगलात जाई. पानांचे पुडे उन्हात वाळत घालायची मोकळी जागा म्हणजे फड, आणि दीड महिना मुक्काम त्या फडावरच. दुसरे मुन्शी चटई टाकून भुईवर झोपत आणि विंचवाला, मुंग्यांना शिव्या देत उठत. रेवारामकडे मात्र मिलिटरीचा हिरवा झुला होता. लढाई संपल्यावर असला माल गोंदियाच्या बाजारात ढिगानं आला होता, त्यातलाच एक. कोणतंही जंगल असो, दोन झाडं बघायची, दोर आवळायचा आणि तिरकं पडायचं. वाघानं येऊन तळवे चाटले तरी रेवाराम उठणार नाही, असं लोक म्हणत. त्यालाही ते ऐकायला आवडे.

१९५६ सालचा मे महिना, अठरा तारीख, शुक्रवार. दुपारी चारच्या सुमारास धामणटोल्याचा एक माणूस धापा टाकत फडावर आला. रेवारामची धाकटी बहीण प्रेमिला धामणटोल्याला दिलेली. नऊ दिवसांपूर्वी ती बाळंत झाली होती आणि चार दिवसांपासून तिचा ताप उतरत नव्हता. गावच्या वैदूनं हात टेकले होते. तिच्या नवऱ्यानं, टेकचंदनं, निरोप पाठवला होता तो असा. उद्या पहाटे तिला झोळीत घालून सौंदडला आणायचं आणि सकाळच्या गाडीनं गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचं. खांद्याला चार माणसं लागतात आणि मला धरून मिळाली आहेत तीन. तुम्ही या. आणि तुमचा झुला आणा. घोंगडीच्या झोळीत ती दुमडते, पोटातली कळ उठते, तिला सोसवत नाही.

"शुद्ध हाय ना तिले?" रेवारामनं विचारलं.

"हाय. तुमचंच नाव घेऊन राहिली. भाऊले बलवा म्हनते."

निरोप्या तसाच पुढे सौंदडला गेला, तिच्या माहेरी सांगायला. रेवारामनं झुला गुंडाळून खांद्यावर टाकला आणि निघाला. फडापासून धामणटोला सहा कोस. तीन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. अवकाळी ढग येत होते, वाळलेली पानं रात्री-बेरात्री गोळा करून झाकावी लागत होती. पण चालताना त्याला झोप आठवली नाही. त्याला एवढंच दिसत होतं की उद्या पहाटे प्रेमिलाला या झुल्यात तिरकी निजवायची, पाठ सपाट राहील, कळ उठणार नाही. बाकी डॉक्टर बघून घेतील. गाडी सुटायच्या आत पोचलो म्हणजे झालं.

स्वातंत्र्य येऊन नववं वर्ष चाललं होतं. आगगाडीत बसून ते सौंदडपर्यंत आलंही असेल. पुढे वाट नव्हती, म्हणून तिथंच उतरून थांबलं असावं. धामणटोल्याचा रोगी आजाप्रमाणे आणि पणजाप्रमाणे बांबूला टांगून, माणसांच्या खांद्यावरूनच दवाखान्याकडे निघत होता, आणि कधी पोचत होता, कधी नाही.

दिवस बुडाल्यावर रेवाराम नाल्यात उतरला. वैशाखातला नाला, थेंबभर पाणी नाही. वाळू दिवसभर तापून अजून कोमट होती. याच नाल्यात एकोणपन्नास सालच्या श्रावणात चार जण एका रोग्याची झोळी घेऊन उतरले होते. थांबले असते तर रोगी हातचा जात होता. पाणी अचानक आलं. झोळी सापडली नाही, बांबू सापडला नाही, पाचही जण सापडले नाहीत. पुलासाठी त्या वर्षी अर्ज गेला, पुढच्या वर्षीही गेला. पूल तेव्हाही नव्हता आणि रेवाराम उतरला तेव्हाही नव्हता.

नाला चढून गेलं की उंचवट्यावर येनाची, म्हणजे ऐनाची, दोन जुनी झाडं आहेत. झोळी नेणारे तिथं दम घेतात. रोग्याची झोळी घरून निघाली की दवाखाना येईपर्यंत भुईला टेकवायची नाही, अशी या भागातली रीत. वाटेत भुईला टेकते ती मढ्याची. म्हणून झोळीचा बांबू या दोन झाडांच्या बेचक्यात अडकवायचा, रोगी अधांतरी लोंबकळत ठेवायचा, पाणी प्यायचं, खांदे बदलायचे आणि पुढे निघायचं. किती वर्षं हे चाललं असेल कोण जाणे. बांबू घासून घासून ती बेचकी चौकटीच्या उंबऱ्यासारखी गुळगुळीत झाली होती. रेवारामनं स्वतः दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याला खांदा देताना तिथं बांबू अडकवला होता. त्या झाडांना दुसरं काही बांधत नाहीत, बैलसुद्धा नाही, हे त्याला ठाऊक होतं.

साडेआठ झाले असतील. अष्टमी-नवमीचा चंद्र डोक्यावर होता. धामणटोला उरला दीड कोस. तो दहा मिनिटं टेकावं म्हणून बसला आणि उठायला गेला तर पाय उठेनात. तीन रात्रींची झोप एकदम अंगावर आली. त्यानं हिशेब केला की निघायचं आहे पहाटे चारला. आत्ता पोचलो काय आणि बारा वाजता पोचलो काय, खांद्याला माणूस ताजा पाहिजे. दोन तास पडू. चंद्र त्या टेकडीवर आला की उठू.

भुईवर मुंग्या होत्या आणि मोहाच्या दिवसांत अस्वलं हिंडतात. भोवती सगळा मनगटाएवढा झाडोरा. जाड झाडं दोनच.

झाडं ती झाडं, असं तो स्वतःशी म्हणाला आणि दोर बेचक्यात टाकला.

दोर असा बसला की गाठ मारायच्या आधीच झुला तोलला गेला. तो तिरका पडला. कापडानं खांदे धरले, कंबर धरली, पायांचा भार घेतला. वारा नव्हता तरी झुला एकदा, अगदी हळू, हलला. लहानपणी आई धान काढायला जायची तेव्हा बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून त्याला निजवायची. मग त्याच झोळीत प्रेमिला आली आणि तो तिला झोके द्यायचा. ते त्याला आठवलं. डोळे मिटता मिटता त्याला वाटलं की आपण आयुष्यात कधी इतके सुखानं पडलो नव्हतो. त्या सुखाचीच त्याला क्षणभर भीती वाटली. मग तेही गेलं.

"हं, सांगा पुढं," शेकोटीपाशी एक मुलगा म्हणाला. भैयाजी थांबले होते. त्यांनी विडी खिशात परत टाकली.

रेवाराम जागा झाला तो झोक्यानं.

झुला हलत होता. इकडून तिकडे नाही. पुढे… पुढे… पुढे. पावलाच्या ठेक्यात.

त्यानं डोळे उघडले. चंद्र टेकडीमागे गेला होता. चांदण्या होत्या आणि त्या सरकत होत्या. त्याच्या तोंडावरून एक काळी रेघ गेली होती, डोक्यापासून पायापर्यंत. बांबू.

डोक्याकडून कोणाचा तरी श्वास येत होता. पायाकडूनही.

आपल्याला नेत आहेत, हे त्याला कळलं. पण झोप इतकी जड होती की कळूनही अंगाला ते पोचलं नाही. त्याला वाटलं की कोणीतरी वाटसरू असतील, झोळी बघून रोगीच समजले असतील.

"कोन हो?" तो म्हणाला.

"पडून राहा," डोक्याकडचा म्हणाला. आवाज साधा होता. खेड्यातला, थकलेला. "दवाखान्यात चाललो."

"मी बिमार नाई बा."

पावलं चालतच राहिली.

"सगळे असंच म्हनतात," पायाकडचा म्हणाला.

"खांदा बदलू का?" बाजूनं तिसरा म्हणाला. त्याच्या मागून चौथ्याचा श्वास येत होता.

"राहू दे. हलका हाय. जित्ता हाय अजून."

वैशाखात सागाची पानं गुडघाभर पडलेली असतात. उंदीर पळाला तरी वाजतात. रेवाराम ऐकत होता. श्वास ऐकू येत होते. बांबू करकरत होता. पानं वाजत नव्हती…

एक थेंब त्याच्या गालावर पडला. मग हातावर. थंड.

त्यानं उठायला हवं होतं. एक पाय बाहेर टाकला असता तरी पुरे होतं. पण कापड ऊबदार होतं, पाठ सपाट होती. आणि त्याच वेळी त्याच्या मनात एक गोष्ट चमकली, आणि ती भीतीची नव्हती, आशेची होती. चार माणसं. चार खांदे. दवाखान्याकडेच निघालेले.

"थांबा," तो म्हणाला. "मी नाई बिमार. माही बहीन हाय बिमार. तिले न्या."

पावलं थांबली.

झुला थांबला.  फक्त पाणी ठिबकत होतं.

"कोठी हाय?" डोक्याकडच्यानं विचारलं.

"धामणटोल्यात. बाळंतीन हाय. चार दिवसाचा बुखार."

"घर सांग."

त्यानं सांगितलं. गावात शिरलं की डाव्या हाताला तिसरं घर, अंगणात पेरूचं झाड. टेकचंदचं घर म्हणा.

"नाव?"

"प्रेमिला."

"कोनं पाठवलं म्हनू?"

"भाऊनं म्हना. रेवारामनं पाठवलं म्हना."

 मग कोणीतरी हळूच म्हणालं, "बरं झालं सांगितलं…"

लाकडावर लाकूड वाजलं. झुला एकदा डोलला आणि जिथल्या तिथं स्थिर झाला.

आता उठावं. यांच्याबरोबर जावं. तिला वाटेल परके आले. असं तो म्हणत होता. स्वतःला ऐकू येईल असं म्हणत होता. पण काम झालं होतं ना. चार माणसं मिळाली होती. छातीवरचा सगळा भार कोणीतरी उचलून नेला होता. आता थोडं पडायला काय हरकत आहे… थोडंच…

त्याला जाग आली ती उन्हानं. सूर्य झाडावर आला होता.

अंग इतकं हलकं झालं होतं की त्याला लाज वाटली. झुला त्याच दोन येनांच्या मध्ये होता, दोर त्यानं टाकला तसाच. त्यानं भुई पाहिली. पानं जशीच्या तशी होती. स्वप्न पडलं असेल, तो म्हणाला, आणि त्यानं झुल्यातून उडी टाकली. कारण स्वप्न असलं तर त्यानं रात्र घालवली होती. टेकचंदला खांद्याला माणूस नाही, झुला नाही. गाडी गेली होती. झुला तसाच चुरगाळून, गुंडाळून त्यानं काखेत मारला आणि तो पळत सुटला. अजून संध्याकाळची गाडी होती. दुपारी निघालो तरी चालेल. चालेल.

धामणटोल्याच्या वेशीवरच लेकरू रडताना ऐकू आलं.

टेकचंद अंगणात उभा राहून पागोटं बांधत होता. बाजूला गाठोडं तयार होतं. रेवारामला बघून तो गोंधळला, पण तोंडावर काळजी नव्हती. चार दिवसांत पहिल्यांदा तो माणसासारखा दिसत होता.

"तुमी काऊन परत आले?" तो म्हणाला. "मी आता निघूनच राहिलो होतो तिचं लुगडं घेऊन. गाडीत जागा बरी भेटली ना?"

रेवारामनं त्याच्यामागं घरात डोकावून पाहिलं.

"कोनाजवळ सोडलं तिले?"

"जवाईबापू," रेवाराम म्हणाला, "प्रेमिला कोठी हाय?"

टेकचंदचे हात पागोट्यावरच राहिले.

लेकराला घेऊन अनुसयाबाई दारात आली. ती टेकचंदची आई. तिनं आधी मुलाकडं पाहिलं, मग रेवारामकडं. "तुमीच तं मानसं पाठवले भाऊ," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. चंद्र बुडाला तेव्हा चार जण आले. दार वाजवलं नाही, पेरूखाली उभे राहिले. भाऊनं पाठवलं म्हणाले, रेवारामनं. छातीपर्यंत ओले होते. लुंग्यातून पाणी गळत होतं. आम्ही म्हटलं, नाल्यातून आले असतील.

"नाला कोरडा हाय," रेवाराम म्हणाला.

"हो…" अनुसयाबाई म्हणाली. "ते मले मंग आठवलं. ते गेल्यावर."

टेकचंद खाली बसला होता. "मी संगं निघालो होतो जी," तो म्हणाला. "त्या म्होरच्यानं हात आडवा केला. म्हने, लेकराजवळ राहा. भाऊ नाल्यावर थांबला हाय, तो येईन संगं. तुमचं नाव घेतलं म्हनून मी… तरी वेशीपर्यंत पळत गेलो. दिसलेच नाई. म्हटलं, चालनारे मानसं हायेत, बरं झालं, गाडी गाठतीन."

"तिनं काई म्हटलं?"

टेकचंदनं पागोटं सोडून हातात घेतलं.

"झोळीत निजवली तं कन्हणं थांबलं तिचं," तो म्हणाला. "चार दिवसात पहिल्यांदा थांबलं. म्हने, भाऊचा झुला लई बेस हाय जी. पाठीले आराम पडला."

"कोनता झुला?"

"तुमचा. हिरवा. मिलिटरीचा."

रेवारामच्या काखेतून गुंडाळी खाली पडली.

पुढे सगळं झालं, भैयाजी म्हणाले. सौंदडच्या स्टेशनावर विचारलं, कोणी झोळी पाहिली नव्हती. गोंदियाच्या दवाखान्यात विचारलं. दोन गावची माणसं लावून नाला पालथा घातला, जंगल पालथं घातलं. बांगडीचा तुकडा मिळाला नाही. टेकचंदनं रेवारामला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि रेवारामला तेच सोसलं नाही. त्यानं पुन्हा पाठ टेकून झोप घेतली नाही. भिंतीशी बसून रात्र काढायचा. पुढच्या उन्हाळ्यात तो फडावर आला नाही आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तो नव्हताच.

"पण ते सगळं मागून," भैयाजी म्हणाले. "त्या सकाळी मी गस्तीवर होतो. लेकराचं रडनं ऐकून त्या अंगनात गेलो. हे जे सांगतो ते माह्या डोळ्यांनी पाहिलं."

 गुंडाळी अंगणाच्या मध्ये पडली होती. कोणी तिला हात लावेना. शेवटी रेवारामच खाली बसला. एक टोक त्यानं धरलं. दुसरं टेकचंदनं. झुला उलगडला.

ऊन पडलं होतं. नीट दिसत होतं.

कापडाच्या मध्ये, माणूस तिरका निजला तर छाती येते तिथं… दोन डाग होते. गोल. रुपयाएवढे. ओले.

अनुसयाबाई वाकली. बोट लावलं. नाकाशी नेलं. तिनं कोणाकडं पाहिलं नाही.

तिच्या हातातलं लेकरू चंद्र बुडाल्यापासून रडत होतं. ते थांबलं.

दहा दिवसांचं लेकरू. त्याला काय दिसतं, काय कळतं…

त्यानं मान त्या कापडाकडं वळवली. आणि दूध ओढावं तसे ओठ हलवायला लागलं.